ही आमची थोरली नव्हे

मडकं गळत असलं तर कुठून गळतं ते गिऱ्हाईक बोट लावून दाखवतं. सुरई तिरकी बसली तर तीही ओट्यावर ठेवून दाखवता येते. माझ्या सासरी मडक्यांचा धंदा, त्यामुळे घरातले सगळे या बाबतीत सुखी होते. मी मात्र माहेरून महालक्ष्म्यांचे मुखवटे रंगवायचं काम घेऊन आले होते, आणि त्यात ही सोय नव्हती. रंगवून दिलेला मुखवटा घेऊन बाई दुसऱ्या दिवशी परत यायची, ओट्यावर ठेवायची आणि म्हणायची, “हे आमची नाही.”

“काय बिघडलं? नाक?”

“नाक बराबर हाय.”

“डोये?”

“डोयेबी बराबर हायत.”

“मंग?”

“मंग काई नाही. पन हे आमची नाही.”

आता यावर माणसानं काय करावं? वाशीमला मी जवळजवळ चाळीस वर्षं हे काम केलं. त्यातली पहिली पाच-सहा वर्षं मला वाटायचं की या बायांना नीट सांगता येत नाही. नंतर कळलं की त्या अगदी नीट सांगत होत्या, मलाच ऐकू येत नव्हतं.

ज्यांच्या घरी महालक्ष्म्या बसत नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. इतर ठिकाणी यांना गौरी म्हणतात. आमच्या वऱ्हाडात भाद्रपदात तीन दिवस दोघी बहिणी घरी येतात, थोरली आणि धाकटी. पहिल्या दिवशी यायचं, दुसऱ्या दिवशी जेवायचं, तिसऱ्या दिवशी जायचं. धान्याच्या कोठ्यांना लुगडी नेसवून त्यांना उभं करतात आणि वर मुखवटे बसवतात. कुणाकडे पितळी असतात, पण आमच्या भागात जास्त करून भाजलेल्या मातीचे. वर्षभर ते कापडात गुंडाळून पेटीत असतात, आणि सण आठ-पंधरा दिवसांवर आला की रंग उडालेले मुखवटे आमच्याकडे येतात. खडू आणि चिंचोक्याची खळ यांचा हात द्यायचा, तो वाळला की अंगाचा पिवळा रंग, मग ओठ, आणि सगळ्यांत शेवटी काजळानं भुवया आणि डोळे. कुंचला खारीच्या शेपटीच्या केसांचा. काम एवढंच आहे, सांगायला सोपं वाटतं.

माझे वडील वाशीमजवळच्या मालेगावला राहायचे. आसपासच्या चाळीस-पन्नास घरांचे मुखवटे त्यांच्या हाताखालून जायचे. साचा सगळ्यांना एकच, पण प्रत्येक घराचा एक दोरा त्यांनी ठेवला होता. दोऱ्याला गाठी. एक गाठ डोळ्याच्या रुंदीची, एक भुवयांमधल्या जागेची, एक नाकाच्या शेंड्यापासून ओठापर्यंतची. लग्न होऊन मी वाशीमला आले तेव्हा इकडच्या घरांचे दोरे त्यांनी मला आंदण दिले. दुसरं सोनंनाणं फारसं नव्हतंच. मी ते दोरे खुंटीला टांगले आणि मला वाटलं, झालं, सगळ्यांचे चेहरे आता माझ्या भिंतीवर आहेत.

एका मास्तरांची गोष्ट आधी सांगते, कारण माझं डोकं पहिल्यांदा तिथं चक्रावलं. माणूस फार टापटिपीचा. त्यांनी मुखवटा परत आणला आणि म्हणाले, नाक लांब झालंय. मी नाकाला हातसुद्धा लावला नव्हता, नाक मातीचं, ते लांब होणार कसं? तसं सांगितलं तर म्हणाले, “बाई, मले शिकवू नका, मी रोज साठ पोरायची तोंडं पाहातो.” मी मुखवटा ठेवून घेतला. डोळे जरा मोठे वाटत होते म्हणून तेवढे पुसून बारीक केले. मास्तर आले, म्हणाले, नाक आणखी लांब झालं. तिसऱ्या खेपेला मी वैतागून भुवया पुसल्या आणि गव्हाच्या दाण्याएवढ्या खाली घेतल्या. मास्तरांनी मुखवटा हातात धरला, लांब नेला, जवळ आणला आणि खूश होऊन म्हणाले, “पाहा, आता कसं नाक बसवलं. आधीच आयकलं असतं त?”

मी हो म्हटलं. गिऱ्हाइकाला हो म्हणायला मी तोवर शिकले होते. पण भुवई हलली की नाक आखूड होतं, हे काही माझ्या दोऱ्यावरच्या गाठींत बसत नव्हतं.

खरा धडा मिळाला तो अंजनाबाईंच्या थोरलीच्या वेळी. सालाचं म्हणाल तर पन्नास सालानंतरची गोष्ट, आपण अजून मध्य प्रदेशात होतो आणि वाशीम अकोला जिल्ह्यात. अंजनाबाईंचा गावाच्या कडेला भाजीचा मळा होता. वांगी, दोडकी, कारली, चवळी, वाशीमच्या बाजारात त्यांची भाजी नाव काढून विकली जायची. महालक्ष्म्यांच्या जेवणाला सोळा भाज्या लागतात, तेव्हा त्या आठवड्यात अर्धं गाव त्यांच्या बांधावर उभं असे. बाई पन्नाशीच्या, विधवा, उंच, करड्या बोलण्याच्या. दर वर्षी दोन्ही मुखवटे स्वतः आणायच्या आणि मी रंगवत असताना गुडघ्याला हाताची मिठी घालून समोर बसून राहायच्या. मध्येच म्हणायच्या, “शांते, ओठ पाय,” म्हणजे ओठांकडे बघ. मी मुखवट्याकडे बघायची, मग त्यांच्याकडे बघायची, पसंत आहे का म्हणून. त्यांच्या कपाळावरची आठी गेली की मी कुंचला धुवायची.

त्या वर्षी सणाच्या दहा दिवस आधी अंजनाबाई नव्हत्या. लेकीच्या बाळंतपणाला मंगरूळपीरला गेल्या होत्या, पेटीची किल्ली सुनेकडे देऊन. सून वत्सला, वैशाखात लग्न झालेली, सतरा-अठरा वर्षांची. ती भर दुपारी माझ्या दारात आली. पदरात काहीतरी धरलं होतं. मी म्हटलं, ये. ती येईना. मग तिनं पदर सोडून दाखवला. धाकटी धड होती. थोरलीचे आठ-दहा तुकडे झाले होते आणि कपाळाचा तर भुगाच होता.

“पेटीतून काढली अन् हातातून सुटली,” ती म्हणाली. “शांताबाई, मामीजी मले घरात ठेवनार नाहीत.”

सासूला ती मामीजी म्हणायची, आमच्याकडे म्हणतात तसं. मी म्हटलं, असं कोणी घरातून काढतं का? पण मला माहीत होतं काय होईल ते. काढणार कोणी नाही, पण पहिल्याच वर्षी सुनेच्या हातून घरची थोरली फुटली, तर ती जन्मभर पांढऱ्या पायाची ठरणार. मळ्यात कीड पडली तरी तिच्यामुळे, गाय आटली तरी तिच्यामुळे. असं आयुष्य काढणाऱ्या दोन बायका मी त्याच आळीत बघत होते.

खंडित मुखवटा जोडून पूजेला चालत नाही. पण त्याच साच्यातून काढलेले दोन-तीन कोरे मुखवटे माझ्याकडे भाजून तयार असायचे. भिंतीवर अंजनाबाईंच्या घराचा दोरा होता. मी वत्सलाला म्हटलं, “चार दिवसांनी ये. तुही थोरली तुले देतो. तुकडे विहिरीत सोड अन् कोनाले काई बोलू नको.” आजही ते वाक्य आठवलं की स्वतःचं हसू येतं, इतक्या ठसक्यात मी ते बोलले होते.

काम मी नेहमीच्या पद्धतीनं केलं. आमची बसायची रीत अशी की मुखवटा मांडीवर उलटा घ्यायचा, कपाळ आपल्याकडे आणि हनुवटी पलीकडे. हाताला कपाळाचा टेका मिळतो आणि भुवईची रेघ एका दमात ओढता येते. दोरा लावला, गाठी जुळवल्या, डोळे काढले. मांडीवर बघितलं तर फार सुरेख जमलं होतं. मग उचलून भिंतीशी सरळ उभा केला. कोणीतरी परकी बाई माझ्याकडे बघत होती.

चौथ्या दिवशी वत्सला आली. तिनं थोरलीला फोडायच्या आधी उणापुरा क्षणभर पाहिलं होतं. तरी ती दारातूनच म्हणाली, “हे कोन हाय?”

मी पुन्हा दोरा लावला. गाठ न् गाठ बरोबर. मग वाटलं, डोळे असतील, म्हणून डोळे पुसून काढले. मग ओठ. मग पुन्हा डोळे. प्रत्येक वेळी मांडीवर छान दिसायचं आणि उभं केलं की आणखी कोणीतरी वेगळीच. दोन दिवसांत मी पाच बायका तयार केल्या, त्यातली एकही अंजनाबाईंच्या घरची नव्हती. बाकीच्यांची कामं ओट्यावर पडून होती. शेवटी मुखवटा टोपलीत घातला, वर लुगडं टाकलं आणि सकाळच्या सर्व्हिस मोटारीनं मालेगावला वडिलांकडे गेले.

वडिलांना तेव्हा मोतीबिंदू झाला होता. माणूस ओळखायचे, पण सुईत दोरा ओवता येत नव्हता आणि त्यांनी काम सोडलं होतं. वाटेत मला हेच वाटत होतं की ज्यांना भुवई दिसत नाही ते भुवईची चूक काय सांगणार? त्यांनी मुखवटा हातातसुद्धा घेतला नाही. म्हणाले, “थ्या कोठीवर ठेव. डोक्यावरून पदर घाल. अन् तू बाजूले हो.” मी तसं केलं. ते उंबऱ्यापाशी जाऊन उभे राहिले, नमस्कार करायला माणूस उभं राहतं तिथं, आणि लगेच म्हणाले, “हे रागावली हाय.”

“बाबा, तुमाले दिसते तरी काय?”

“काईच दिसत नाही. डोये दिसत नाहीत, नाक दिसत नाही. म्हनून त राग दिसून राह्यला.” मग म्हणाले, “मांडीवर उलटी धरून काडली काय?”

मी म्हटलं, तुम्हीच तसं शिकवलं. तर म्हणाले, “जुन्या रेघेवर रेघ ओढाची असन त उलटी धर नाही त आडवी धर. नवीन तोंड उलटं काडता येत नाही. उलट्या तोंडात माणूस नसते पोरी, नुसते डोये-नाक असतात.”

तुम्हाला पटत नसेल तर वर्तमानपत्रातला एखाद्या ओळखीच्या माणसाचा फोटो उलटा धरून बघा. मिशी दिसेल, चष्मा दिसेल, पण माणूस ओळखायला वेळ लागेल, आणि तो हसतो आहे की चिडला आहे ते तर कळणारच नाही. सरळ केला की एका झटक्यात सगळं कळतं. आपण चेहरा तुकड्या-तुकड्यानं वाचून त्याची बेरीज करत नाही. तो एकदम येतो. आला तर सगळा येतो, नाही तर येतच नाही. पुढे आमच्या गावात एक डॉक्टर आले होते, त्यांनी मला सांगितलं की मेंदूच तसा बनलेला आहे. मला ऐकून बरं वाटलं. म्हणजे त्या बाया खोटं बोलत नव्हत्या आणि मास्तरही नव्हते.

निघताना मी वडिलांना दोऱ्याबद्दल विचारलं. इतकी वर्षं गाठी मारल्या त्या कशाला? ते हसले. म्हणाले, दोऱ्यानं चूक सापडते, माणूस सापडत नाही.

परत आले तेव्हा मधे एकच दिवस उरला होता. मी डोळे, भुवया, ओठ सगळं पुसलं. मुखवटा कोठीवर उभा केला, पदर घातला, धाकटीला शेजारी ठेवलं आणि उभ्यानंच काम सुरू केलं. दोरा खुंटीवरच राहू दिला. एक रेघ ओढायची, उंबऱ्यापाशी जाऊन बघायचं, परत यायचं. थोरली मी चार वर्षं रंगवली होती, पण ती कशी होती ते सांग म्हटलं तर मला सांगता आलं नसतं. फक्त ही ती नव्हे, एवढं कळत होतं. म्हणून नव्हे-नव्हे म्हणत भुवई केसभर सरकवत राहिले. तिसऱ्या प्रहरी डाव्या भुवईचं टोक जरा खाली आलं आणि मी उंबऱ्यापाशी थांबले. कोणीतरी ओळखीचं आत उभं होतं. आली, मी मनात म्हटलं, आणि मला रडूच आलं.

वत्सला तेवढ्यात दारात आली. तिनं आत बघितलं आणि झटकन डोक्यावर पदर घेतला. मग हळूच म्हणाली, “शांताबाई, ह्या त मामीजी हायत.”

मी पुन्हा बघितलं. पोरगी बरोबर होती. दर वर्षी मी मुखवट्याकडे बघायची आणि मान वर करून अंजनाबाईंकडे बघायची. चार वर्षांत माझ्या डोक्यात ती दोन तोंडं एकमेकांत मिसळून गेली होती, आणि थोरली म्हणून मी जी ओळखली ती गुडघ्याला मिठी घालून बसणारी बाई होती. एकही गोष्ट तिच्यासारखी नव्हती. अंजनाबाईंचं नाक बसकं, साच्याचं सरळ. त्यांचे गाल ओढलेले, हिचे भरलेले. तरी ती तीच होती.

“आता?” वत्सला म्हणाली. “सांजच्या मोटारीनं येतीन त्या.”

आता काही करता येणार नव्हतं. मी तिला धीर दिला की आपलं तोंड आपल्याला कोणाला ओळखू येतं? त्यांच्या घरी तळहाताएवढा आरसा. त्यात एका वेळी कपाळ दिसेल नाहीतर हनुवटी. असं म्हणून मी मुखवटे गुंडाळून दिले. मला स्वतःला काही धीर नव्हता.

पहिला दिवस गेला. निरोप आला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे मला सवाष्ण म्हणून जेवायला बोलावणं होतंच, ते दर वर्षी असायचं. मी गेले. अंगणात पाहुणे, चुलीवर पुरण, माणसांची ये-जा. अंजनाबाईंनी मला बघितलं, हातातलं काम टाकलं आणि मनगट धरून आतल्या खोलीत नेलं. दोघी बहिणी लुगडी नेसून, दागिने घालून उभ्या होत्या.

“हे आमची थोरली नव्हे,” अंजनाबाई म्हणाल्या.

माझ्या हातून फुटली असं सांगायचं मी वाटेत ठरवलं होतं. तोंड उघडणार एवढ्यात मागून आवाज आला. वत्सला भाज्यांचं ताट घेऊन दारात उभी होती.

“मामीजी, माह्या हातून फुटली. शांताबाईचा काई दोष नाही.”

अंजनाबाईंनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. “फोडली कोनं ते मी इचारलं काय? हे काडली कोनं ते इचारून राह्यली.” मग त्या माझं मनगट न सोडता बोलायला लागल्या, आणि तो करडा आवाज मी पुन्हा कधी तसा ऐकला नाही. “आठ वर्साची व्हती मी, लगन झालं तवा. दुसऱ्या वर्सी माय गेली. फोटो कुठला? पयले पयले दिसे मले ते. मंग कवा नुसता बांगड्याचा हात दिसे, कवा नुसते डोये. डोये आठवले त तोंड नाही आठवे. चाळीस वर्सं झाली, माह्या मायचं तोंड काई जुळून नाही आलं. काल हिले पदर घातला अन् माय उभी राह्यली.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. “शांते, तूनं माह्या मायले कवा पायलं?”

मी पाहिलं नव्हतं. मी कोणाला पाहिलं होतं ते मला ठाऊक होतं आणि वत्सलाला ठाऊक होतं. आम्ही एकमेकींकडे बघितलं. मी म्हटलं, “नाही पायलं, बाई. हात चालला तसं काडलं.” ते अर्धंच खरं होतं. पुढे त्या असेपर्यंत दर वर्षी मी त्याच रेघांवरून कुंचला फिरवला आणि हे त्यांना कधीच सांगितलं नाही. नसत्या श्रेयाची मला अजून थोडी लाज वाटते. आणि खरी थोरली, जिच्यापुढे त्या घरातल्या तीन पिढ्या वाकल्या, ती मात्र कायमची गेली. तिचा चेहरा आता कोणाजवळच नाही, माझ्याजवळही नाही, याचं वाईट वाटतं.

नैवेद्य दाखवून झाला. आमच्याकडे मग पडदा ओढतात आणि सगळे बाहेर येतात, देवींना निवांत जेवता यावं म्हणून. पाचएक मिनिटांनी पडदा काढायचा आणि पंगत बसवायची. त्या दिवशी सगळे बाहेर आले, अंजनाबाई आल्या नाहीत. पडद्याआडून त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. शब्द कळत नव्हते, पण लहान पोरीसारखं भरभर चाललं होतं, मध्ये हसणंही येत होतं. पानं मांडून झाली. पाहुणे बसून कंटाळले. अंजनाबाईंचा मुलगा दोनदा उठून पडद्यापर्यंत जाऊन आला. तिसऱ्यांदा त्यानं पडद्याला हात घातला तेव्हा वत्सला पुढे झाली. लग्न होऊन चार महिने झाले होते आणि चार माणसांत तिचा आवाज कोणी ऐकला नव्हता.

“राहू द्या,” ती म्हणाली. “मायसंगं जेवून राह्यल्या त्या.”